वेन्स्तर म्हणजे डावीकडे

गाडीमास्तरांना स्वीडिश भाषेतला पहिला शब्द पाठ व्हायला आठवडा लागला आणि विसरायला एक जेवण पुरलं. लेकीनं फोनवरून परीक्षा घेतली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, पाण्याचा घोट घेतला आणि शेवटी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" बायको म्हणाली. "मी हातवारे करणार आहे. मी तसं पोरीला आधीच सांगून ठेवलंय."

लेक स्वीडनमध्ये राहायची. नवरा तिथलाच होता, आणि आता घरात पाळणा हलला होता. नातीला बघायला मास्तर आणि त्यांची बायको दोन महिन्यांसाठी निघणार होते. लेक आणि जावई दिवसभर कामावर जाणार, म्हणजे घरात बाळ, हे दोघे आणि विहीणबाई. विहीणबाईंना स्वतःच्या भाषेखेरीज दुसरी कुठलीच भाषा येत नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. लेकीला आपल्या बापाची काळजी होती. बाबा बाळाची गाडी ढकलत फिरायला जातील, रस्ता चुकतील आणि परक्या मुलखात कुणाला धड विचारताही येणार नाही, हे चित्र तिला दिवसाउजेडी दिसायचं. म्हणून तिनं स्वतःच्या आवाजात कामापुरते शब्द भरून पाठवले. वेन्स्तर, डावीकडे. ह्योगर, उजवीकडे. राक्त फ्राम, सरळ. साक्ता, हळू. स्ताना, थांबा. तक्क, आभारी आहे.

पण मास्तरांचं डोकं घरात चालतच नसे. ते चालायचं गाडीत, डावीकडच्या सीटवर, पाय जादा ब्रेकवर ठेवल्यानंतर. निम्म्या गावाला त्यांनी याच सीटवरून गाडी चालवायला शिकवली होती, आणि उरलेलं निम्मं गाव त्यांच्या विद्यार्थ्यांना बघून बाजूला व्हायला शिकलं होतं. तेव्हा त्यांनी फोन गाडीत समोर लावला आणि शिकवणी चालू असतानाच लेकीचा आवाज हळू ठेवून ऐकायला सुरुवात केली. शिकवायचं तोंड आणि शिकायचे कान यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या दिवसांत त्यांच्याकडे एकच शिष्या उरली होती. बाकीच्यांना त्यांनी प्रवासाच्या आधी उरकलं होतं. ही मात्र उरकत नव्हती. ती एका दवाखान्यात नर्स होती आणि सगळे तिला सिस्टर म्हणायचे. म्हाताऱ्या पेशंटांच्या घरी जाऊन इंजेक्शनं देणं, पट्ट्या बदलणं, हे तिचं आवडीचं काम. पण नव्या महिन्यापासून ते काम फक्त गाडी चालवता येणाऱ्या नर्सना मिळणार होतं. इतरांना रात्रपाळी. सिस्टरची दोन मुलं लहान होती, आणि रात्री आई घरात नसली की दोघंही आळीपाळीनं रडायची. ती परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्या परीक्षेची तारीख होती मास्तरांच्या विमानाच्या आदल्या दिवशी, आणि त्यानंतर महिना संपत होता.

तिचा हात वाईट नव्हता. क्लच मऊ सोडायची, आरसा बघायची, गिअर तर असा बदलायची, जशी पेशंटला कळू न देता सुई टोचावी. फक्त कुणी "डावीकडे" म्हटलं की ती दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून छातीशी घ्यायची.

"असं का होतं?" मास्तरांनी एकदा रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून विचारलं.

"आमच्या ह्यांनी आधी शिकवली होती," सिस्टर म्हणाली.

मास्तरांना एवढ्यावरच सगळं कळलं. तिचा नवरा शाळेत व्यायामशिक्षक होता. माणूस सज्जन, पण सगळं आयुष्य मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलांशी बोलण्यात गेलेलं. घरात मीठ मागितलं तरी शेजारचे सावधानमध्ये उभे राहायचे. त्यानं बायकोला चार दिवस गाडी शिकवली होती आणि त्या चार दिवसांत त्यांचं स्वतःचं फाटक, पाण्याची टाकी आणि संसार या तिन्हींना धक्का बसला होता. तेव्हापासून 'डावीकडे', 'उजवीकडे', 'अगं थांब' हे शब्द कानावर पडले की तिच्या अंगाचं पाणी व्हायचं. मास्तर ते कितीही लाडीगोडीनं म्हणोत, तिला ते नवऱ्याच्याच आवाजात ऐकू यायचे.

एका सकाळी मात्र वेगळंच घडलं. फुलांच्या दुकानाचा कोपरा जवळ आला होता. मास्तर तंद्रीत होते. त्यांनी स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हटलं, "वेन्स्तर."

गाडीनं डावा इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी ती डावीकडे वळली.

मास्तर सावरून बसले. "तुम्ही वळलात."

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी तुम्हाला नव्हतं सांगितलं. मी माझा अभ्यास करत होतो."

"मग मोठ्यानं कशाला करता?" सिस्टर म्हणाली. "गेला महिनाभर तुमच्या ताई या फोनमधून तेच तेच सांगतायत. माझ्या मुलांनासुद्धा पाठ झालंय."

मास्तरांनी दबकत दबकत "ह्योगर" म्हटलं. गाडी उजवीकडे वळली. "राक्त फ्राम" म्हटलं, गाडी नाकासमोर गेली. "स्ताना" म्हटल्यावर ती पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे अशी उभी राहिली, की पट्टी ओलांडणाऱ्या आजोबांनी हात वर करून आशीर्वाद दिला. मास्तरांचा पाय जादा ब्रेकवर नुसताच पडून होता. त्याला एवढी विश्रांती कधी मिळाली नव्हती.

"भीती नाही वाटली?" त्यांनी विचारलं.

सिस्टरनं विचार केला. "नाही. या भाषेत मला अजून कोणी ओरडलेलं नाहीये."

तिथून पुढे सगळी शिकवणी स्वीडिशमध्ये सुरू झाली. लेकीला सुट्टी असली की ती फोनवरून सामील व्हायची आणि दोघांचे उच्चार सुधारायची. म्हणजे बाबांचे सुधारायची. सिस्टरच्या उच्चारात सुधारण्यासारखं फारसं निघत नसे. सिस्टर तिला आणखी शब्द विचारायची, बाळाच्या पोटदुखीवर उपाय सांगायची, आणि मास्तर मध्येच "ह्योगर" म्हणून आपण गाडीत असल्याची आठवण करून द्यायचे. गाडी सुरेख चालत होती. चढावर थांबली, गर्दीत शिरली, दोन ट्रकांच्या मधल्या जागेत उलटी लागली. मास्तर घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगायचे.

"पण मला एक सांगा," बायको म्हणाली, "स्वीडनला कोण चाललंय? तुम्ही का ती?"

मास्तर हसले. मग कपडे बॅगेत भरता भरता त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. परीक्षेला चार दिवस उरले होते आणि परीक्षकसाहेब सूचना काही स्वीडिशमध्ये देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घाईघाईनं जुन्या भाषेवर यायचा प्रयत्न केला. गोड आवाजात "आता डावीकडे हं" म्हटलं. सिस्टरचे हात छातीशी गेले आणि गाडी फुलांच्या दुकानात गेली. दुकानात म्हणजे पायरीपर्यंतच. जादा ब्रेक झोपेतून उठला म्हणून बरं. फुलवाल्यानं बादल्या एकेक करून आत नेल्या. नंतरच्या दिवशीही तेच झालं. पुन्हा "वेन्स्तर" म्हटलं, की बाई पुन्हा राजहंसासारखी वळत होती. आपण एक रोग बरा करताना दुसरा लावून ठेवला आहे हे मास्तरांच्या लक्षात आलं, आणि त्यांना रात्री जेवण गेलं नाही. हिला अशी अर्ध्यावर सोडून आपण विमानात बसायचं आणि हिनं रात्रपाळीला जायचं, हे त्यांना पटेना.

"मी मागे बसेन," त्यांनी शेवटी सिस्टरला सांगितलं. "परीक्षकसाहेब बोलले की मी हळूच स्वीडिशमध्ये बोलेन. तुम्ही फक्त माझं ऐका."

"शिकवणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं ना परीक्षेत?"

"तोंड उघडायचं नसतं. खोकायला मनाई नाहीये."

परीक्षेच्या दिवशी सिस्टरचा नवरा शुभेच्छा द्यायला परवाना कार्यालयापाशी हजर होता. त्यानं त्या लांबून दिल्या, त्यामुळे आवारातल्या सगळ्यांनाच मिळाल्या. परीक्षकसाहेब पुढे बसले. उंच, कोरडे गृहस्थ होते. बोलले की गाडीची काच थरथरायची. मास्तर मागच्या सीटवर अंग चोरून बसले. गाडी निघाली.

"डावीकडे घ्या," साहेब म्हणाले.

सिस्टरचे हात उचलले जायला लागले आणि त्याच क्षणी मागून खोकला आला. "खक्-खक्-वेन्स्तर."

हात खाली आले आणि गाडी वळली. साहेबांनी मान मागे फिरवली. मास्तर छाती चोळत होते.

"उजवीकडे."

"ह्यो... ह्योगर," मास्तर खोकले.

"तब्येत बरी नाही वाटतं?"

"हवा बदलतेय साहेब."

"पुढे सरळ."

इथं पंचाईत झाली. 'राक्त फ्राम' कुणालाही खोकता येत नाही. मास्तरांनी आधी शिंक म्हणून प्रयत्न केला, मग जांभईत बसतंय का ते बघितलं, आणि शेवटी ते शब्द सरळ मोठ्यानं बोलून टाकले. साहेबांनी गाडी कडेला घ्यायला सांगितलं. मास्तरांनी सवयीनं त्याचंही भाषांतर करून टाकलं.

"मास्तर," साहेब थंडपणे म्हणाले, "ही खुणांची भाषा मी ओळखतो. आजवर लोकांनी चुटक्या वाजवल्यात, गाणी गुणगुणलीत. हे नवीन आहे."

"साहेब, खुणा नाहीत. स्वीडिश आहे."

"बाईंना मराठी कळत नाही?"

"कळतं," सिस्टर म्हणाली. "फार कळतं. तोच तर त्रास आहे." आणि तिनं सगळं सांगितलं. फाटक, टाकी, रात्रपाळी, मुलं. सांगताना तिनं दोनदा नाक पुसलं, पण पाय क्लचवरून हलला नाही, हे मास्तरांनी अभिमानानं टिपलं.

परीक्षकसाहेब नियमाचे पक्के होते. गेली कित्येक वर्षं ते नियम झोपेतसुद्धा म्हणू शकत होते. त्यांनी मनातल्या मनात ते सगळे एकदा चाळून पाहिले. मग नाइलाजानं म्हणाले, "सूचना उमेदवाराला समजेल अशा भाषेत द्यावी, असं नियमात आहे. कुठली भाषा ते लिहिलेलं नाही."

"मग द्या की साहेब," मास्तर पुढे सरसावले.

"मला येत नाही."

"मी शिकवतो. पाच शब्द तर आहेत."

अशा रीतीनं रस्त्याच्या कडेला, उभ्या गाडीत, परीक्षकसाहेबांची शिकवणी झाली. मास्तर शिकवत होते, सिस्टर उच्चार सुधारत होती. साहेब पहिल्यांदा तोऱ्यात म्हणाले, दुसऱ्यांदा अडखळले आणि तिसऱ्यांदा कुणी बघत नाही असं बघून तळहातावर पेनानं लिहून घेतलं. मग त्यांनी मास्तरांना परीक्षेपुरता स्वतःचा रुमाल तोंडात धरायला लावला आणि गाडी पुन्हा निघाली.

पहिला चौक आला. साहेबांनी तळहाताकडे पाहिलं. तळहाताला घाम आला होता आणि त्या घामात सगळी स्वीडिश भाषा निळी होऊन वाहून गेली होती.

"वे..." साहेब म्हणाले. "वेस्... वेन्त..." चौक मागे गेला. "ह्यो... नाही. राख. राखफा..." दुसरा चौकही मागे गेला. साहेबांच्या कपाळावर थेंब जमले होते. त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले होते. तोंडात रुमाल धरलेल्या मास्तरांना हुंदका आला का हसू, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

सिस्टरनं आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी हलकेच कडेला घेतली. साहेबांकडे वळून ती पेशंटशी बोलतात त्या सुरात म्हणाली, "साहेब, घाबरू नका. घाई काही नाहीये. एक मोठा श्वास घ्या."

साहेबांनी घेतला.

"आता सांगा, कुठे जायचंय आपल्याला?"

"डावीकडे," साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की काच थरथरली नाही. "डावीकडे घेता का?"

मास्तरांचा पाय मागच्या सीटवरून, नसलेल्या ब्रेकवर पडला. सिस्टरचे हात स्टिअरिंगवरच होते. ती हसत होती. "घेते की," म्हणाली, आणि डावीकडे वळली. मग साहेब म्हणाले तिथं उजवीकडे वळली, सरळ गेली, थांबली, उलटी आली. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस पाच शब्दांत इतका गळपटतो हे एकदा डोळ्यांनी बघितल्यावर तिच्या मनातली भीती कुठल्या कुठे पळाली होती. कार्यालयाच्या दारात साहेबांनी पास असा शेरा मारला, तळहात पाठीमागे लपवला आणि जाता जाता मास्तरांना खालच्या आवाजात म्हणाले, "शेवटचा तो राख... तो पुन्हा एकदा सांगा." मास्तरांनी रुमाल काढून सांगितला.

बाहेर नवरा वाट बघत होता. पास झाल्याचं कळताच त्यानं बायकोच्या नावाचा असा जयजयकार केला की दोन उमेदवारांच्या गाड्या बंद पडल्या. माणसाला खराखुरा आनंद झाला होता. डोळे पुसत तो म्हणाला, "आता घरी तूच चालव. मी पुढे बसतो." आणि मास्तरांना काही सुचायच्या आत तो त्यांच्या सीटवर, त्यांच्या ब्रेकसमोर जाऊन बसलासुद्धा. मास्तरांना पुन्हा मागे बसावं लागलं. सगळं कमावलेलं आता पहिल्याच वळणावर जाणार, असं त्यांना दिसायला लागलं.

पहिलं वळण आलं. "क्लच," नवरा म्हणाला. "आरसा बघ. आरसा. अगं डावीकडे. डावीकडे घे, डावीकडे."

मास्तरांना राहवेना. "साक्ता," ते मागून म्हणाले. "सिस्टरबाई, साक्ता, साक्ता. वेन्स्तर."

"मागून गाडी येतेय, थांब. थांब म्हणतो ना."

"राक्त फ्राम. घाबरू नका. राक्त फ्राम."

"गिअर बदल. दुसरा. दुसरा."

सिस्टरनं डावीकडे वळण घेतलं, गाडी कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि समोर बघत एकच शब्द उच्चारला.

"त्यूस्त."

आवाज चढवला नव्हता. पण त्या शब्दात असं काही होतं, की नवऱ्याचं तोंड उघडलं होतं तसंच राहिलं आणि मग हळूहळू मिटलं. सिस्टरनं हँडब्रेक सोडला आणि गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

दोन चौक गेले. नवऱ्यानं मान अर्धी मागे वळवून कुजबुजत विचारलं. तो कुजबुजू शकतो हे मास्तरांना नवीन होतं. "काय म्हणाली ती?"

"मला नाही माहीत," मास्तरही कुजबुजले. "हा शब्द मी शिकवलेला नाही." मग त्यांनी पुढे वाकून, अदबीनं विचारलं, "सिस्टरबाई, हा कुठून आणलात?"

"तुमच्या ताईंनी दिला," सिस्टर म्हणाली. तिनं आरसा बघितला, इंडिकेटर दिला. "मी त्यांना विचारलं होतं, शेजारी बसून कोणी सारखं शिकवायला लागलं तर त्याला गप्प करायला तिकडे काय म्हणतात? त्या म्हणाल्या, हा शब्द मी बाबा इकडे आल्यावर वापरायला ठेवलाय, पण तुम्हाला आधी लागेल, तुम्ही घ्या."

मास्तरांना यावर बरंच काही म्हणायचं होतं. लेकीला गाडी त्यांनीच शिकवली होती, आणि ती कशी शिकवली होती ते त्यांना आत्ता, या मागच्या सीटवर, एकाएकी ऐकू यायला लागलं. त्यांनी तोंड उघडलं, आरशात सिस्टरचे डोळे दिसले, आणि ते सावकाश मागे टेकून बसले. गाडी छान चालली होती.